रफिक सरांच्या गिटारमधला दोरा

रविवारी दुपारी संभाजीनगरला उतरलो आणि बसस्टँडवरून थेट हॉलवर गेलो. पाठीवरची सॅक तशीच. आमचे रफिक सर गेले, त्यांची श्रद्धांजली सभा होती...

दारातच फ्लेक्स. त्यावर आयोजकाचा फोटो दरवाजाएवढा आणि सर कोपऱ्यात, आधार कार्डावर असतात तेवढे. आयोजक म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी, आता त्याची शहरात गिटारची मोठी अकॅडमी आहे. नाव घेत नाही, उगाच जाहिरात व्हायची.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गुलमंडीत एका कापड दुकानाच्या वर त्यांची खोली होती, तिथं ते गिटारवर धनगरी ओव्या शिकवायचे. हो, गिटारवर. खाली साड्यांची घासाघीस चालायची आणि वर बिरोबाची ओवी... मला अजूनही काठपदराची साडी दिसली की ओवी आठवते. असो.

सुरुवातीला ते गिटारला हातच लावू द्यायचे नाहीत. स्कूटरवर मागं बसवून वेरूळकडं न्यायचे आणि बिरूआबांच्या मेंढरांमागं चालायला लावायचे. बिरूआबा म्हणजे ते धनगर, ज्यांच्याकडून सर स्वतः ओव्या शिकले.

सर म्हणायचे, "उंगलियाँ नको देख रे, मेंढरं देख. सब एक सरीखे चलते क्या? नै ना? फिर भी साथ चलते. वैसाच बजाने का." मी शाळेत कुठं टिकलो नाही, पण तिथं टिकलो... बसायचं नव्हतं, चालायचं होतं, म्हणून असेल.

आणि त्या गिटारचा आवाज! खाली जिथं तारा हाडाच्या पट्टीवर टेकतात, तिथं सर साधा सुती दोरा सरकवायचे. मग तार नुसती वाजायची नाही, झिणझिणायची... रानात ओरडून ओरडून खरखरीत झालेल्या गळ्यासारखी.

शहरातले वाजवणारे हसायचे. "सर, गिटार खराब झालीय तुमची." हा अकॅडमीवाला त्यात सगळ्यात पुढं. सर म्हणायचे, "हौ, बीमार है बेचारी," आणि वाजवत राहायचे.

तो आवाज घेऊन त्यांना इथल्या एकाही स्टेजवर कुणी बसवलं नाही. म्हणून मला रविवारी एवढंच हवं होतं... एकदा तरी तो आवाज या लोकांच्या कानांवर माइकमधून पडावा. सरांची मुलगी नाझनीन, तिनं मला त्यासाठीच बोलावलं होतं.

स्टेजवर सरांचा फोटो, शेजारी स्टँडवर त्यांची गिटार, गिटारला झेंडूचा हार. मग भाषणं. सर काय काय होते ते त्या दिवशी मला नव्यानं कळलं... अवलिया, तपस्वी, मराठवाड्याचा ठेवा. आयोजक तर बोलता बोलता रडला. हे शब्द आधी कुठल्या कपाटात ठेवले होते, देव जाणे.

मग माझं नाव पुकारलं. हार स्टँडला अडकवून गिटार हातात घेतली. चकाचक पॉलिश, नव्या कोऱ्या तारा. छेडली तर आवाज असा गुळगुळीत, जशी मोबाइलची रिंगटोन. दोरा गायब.

आयोजक कानाशी येऊन म्हणाला, "सर्व्हिसिंग करून घेतली, माझ्याकडून. दोराबिरा काहीतरी अडकला होता, काढून टाकला." मनापासून सांगत होता हो... तेच जास्त लागलं.

पहिल्या रांगेत बिरूआबा बसले होते, खांद्यावर घोंगडं. म्हणाले, "कुणाची रं ही?"

"सरांचीच, आबा."

"नाय. ही लई शिकलेली दिसती."

हसू आलं आणि डोकंही फिरलं. मी तो हार घेतला आणि तोडला. झेंडू स्टेजभर, हॉलमध्ये अरे अरे अरे... हारातला दोरा ओढून काढला, तारा सैल केल्या, खाली सरकवला, परत आवळल्या. नाझनीन तेवढी रडता रडता हसत होती.

वाजवलं. आला... झण्ण करून आला. सर आले असं काही म्हणणार नाही, पण मेंढरं आली.

एक ओळ कशीबशी झाली आणि माइक बंद. मागून साउंडवाला ओरडला, "भैया रुको, आवाज फट रहा है, केबल देखता मैं!" त्याच्यावर राग नाही, तो त्याचं काम करत होता. आयोजकानं लगेच दुसरा माइक घेतला. "तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व, तोवर सर्वांनी चहा-नाश्ता घ्यावा."

लोक उठले. खुर्च्या सरकल्या, कचोरीचा वास आला... मी वाजवतच राहिलो. बिरूआबा उठून स्टेजच्या कडेला, झेंडूंच्या मधे येऊन बसले, कानावर हात ठेवला आणि गायला लागले. ऐकायला नाझनीन होती. बाकी हॉल चटणी संपली का ते विचारत होता.

म्हणजे सर गेल्यावरही या शहरानं त्यांना ऐकलं नाहीच. आणि सभा फार छान झाली म्हणून एकमेकांना हात मिळवून सगळे घरी गेले.

निघताना नाझनीननं गिटार माझ्या हातात दिली. "ले जा भाई. इधर रही तो फिर कोई सर्व्हिसिंग करा देगा."

काल अकॅडमीच्या पेजवर सभेचा व्हिडिओ आला. त्यात माझी ती एकच ओळ आहे. खाली कुणीतरी कॉमेंट केलीय... 'गिटार खराब होती वाटतं.'

हे वाक्य सरांनी आयुष्यभर ऐकलं. आता ते माझ्या वाट्याला आलंय... सर, शुक्रिया.

आणि कॉमेंटवाल्या दादा, हौ... बीमार है बेचारी.