शेतीच्या सरांचं धुळे

पुण्या-मुंबईची स्वप्नं बघणारी माणसं आमच्या जामनेर तालुक्यात गल्लोगल्ली सापडतील, अमेरिकेची बघणारीही दोन-चार निघतील. पण धुळ्याचं स्वप्न बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या शाळेतले शेतीचे सर. सरकारदरबारी ते विज्ञानाचे शिक्षक होते, आठवी-नववीला विज्ञान हाच विषय त्यांच्या नावावर होता. पण गुरुत्वाकर्षण शिकवायला घेतलं तरी झाडावरून पडलेलं ते फळ पिकून पडलं की फळगळीनं पडलं या मुद्द्यावर तास अडायचा, आणि फळगळीवरून गाडी जी निघायची ती थेट धुळ्याला जाऊन थांबायची. धुळ्याच्या शेती कॉलेजात फळगळीवर काय करतात, धुळ्याचं पाणी कसं, धुळ्याची माती कशी, हे ऐकत आमच्या शाळेतल्या कितीतरी पिढ्या नववी पास झाल्या. आमच्या पहूरच्या स्टँडवर धुळ्याची पाटी लावलेली गाडी लागली की सर हातातला चहा ठेवून खिडकीपाशी जात आणि तिकडे पाऊस कसा आहे असं कंडक्टरला विचारत. नवा कंडक्टर असला तर त्याला वाटे, यांची तिकडे चांगली पंचवीस एकर जमीन असावी.

जमीन सोडा, सरांचं तिकडे कुत्रंसुद्धा ओळखीचं नव्हतं. बारावीनंतर त्यांना धुळ्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता एवढंच. पहिल्याच पावसाळ्यात त्यांचे वडील अंथरुणाला खिळले, घरात थोरलं दुसरं कोणी नव्हतं, सर परत आले ते आलेच. मग घरची शेती सांभाळत जळगावला बीएस्सी, बीएड आणि आमची शाळा. ही हकिगत त्यांनी मला, मी शाळेत शिक्षक म्हणून लागलो त्या पहिल्याच आठवड्यात, एका दमात सांगून टाकली होती, जशी काही ती दुसऱ्याच कुणाची असावी. मी एकदा म्हणालो, अहो, चार-साडेचार तासांचा रस्ता, एखाद्या रविवारी जाऊन बघून या की. तर म्हणाले, ‘‘एकटा जाऊन काय करू? आता जाईन तर पोरं घेऊनच जाईन.’’

पोरं घेऊन जायचा रस्ता म्हणजे कृषी विज्ञान स्पर्धा. आठवी-नववीच्या मुलांसाठी दरवर्षी भरणारी. आधी लेखी परीक्षा, मग जळगावला ओळखफेरी, म्हणजे समोर ठेवलेलं बी, पान, किडा ओळखायचा, आणि मग शाळेच्या जागेत मुलांनी स्वतः केलेला एक प्रयोग. तिन्ही जमलं की अंतिम फेरी, ती धुळ्याला, त्याच कॉलेजात. शाळेचा संघ एकदा, फक्त एकदा त्या फाटकातून आत जावा, एवढ्या एका गोष्टीवर सरांचा जीव अडकला होता. आणि मी चित्रकलेचा शिक्षक असल्यामुळे माझाही गळा त्यात अडकला. कलेची पदवी घेताना मी काय काय मनात धरलं होतं ते आता सांगत नाही, पण हयात गेली ती मावा, तुडतुडे आणि बोंडअळी यांची तक्त्यावर हातभर लांब चित्रं काढण्यात. बोंडअळीला मी एकदा जरा गोड डोळे काढले तर सरांनी तक्ता परत पाठवला. अळीकडे बघून पोरांना माया वाटता कामा नये, असा निरोप होता.

त्यांचं सगळं जगच पिकांचं आणि किडींचं होतं. वर्गात या बाकावरून त्या बाकावर उड्या मारणारा मुलगा तुडतुडा, एकदा बसला की न हलणारा तो पिठ्या ढेकूण. पालकसभेत एका आईला त्यांनी मनापासून धीर दिला होता की तुमचा मुलगा तुडतुडा आहे, नुकसान फार करत नाही, फक्त नजर ठेवा. ती माउली आठवडाभर औषध विचारत हिंडत होती. मला ते कोणत्या गटात धरत हे मी कधी विचारलं नाही. दुपारच्या सुट्टीत मी जिथे बसे तिथून उठत नसे, त्यामुळे अंदाज होता. लग्नाला गेले तर मंगलाष्टकं चालू असताना हातातल्या ज्वारीच्या अक्षतांपैकी एक दाणा हळूच दाताखाली धरून बघत. एका मोठ्या लग्नात, ओठ कुंकवानं लाल झालेले, अशा अवस्थेत ते वधूपित्याला गाठून म्हणाले होते, एवढा मांडव घातला आणि ज्वारी मात्र हायब्रीड, आपली गावरान दादर मिळाली नाही का कुठे? वधूपिता मानपानातच घामाघूम झालेला, त्यानं घाबरून लगेच एक माणूस दादर शोधायला पाठवला.

स्पर्धेची तयारी म्हणून संघातली मुलं घेऊन ते एसटीनं जामनेरला जात आणि येत. काम काहीच नसे. धावत्या खिडकीतून दिसेल ते पीक, त्याची अवस्था आणि त्याचा रोग ओळखायचा, हा अभ्यास. थोड्या वेळानं अख्खी गाडी अभ्यासाला लागे. मागच्या बाकावरचे आबा मुलांचं उत्तर खोडून काढत, त्यांचं पुढच्या बाकावरच्या अक्का खोडून काढत, आणि ज्याच्या शेतावरून वाद चालला आहे तो मालक गाडीतच निघाला तर त्याचा तिथल्या तिथे उद्धार होई. ती गाडी, तो गोंगाट आणि मधोमध दांडी धरून उभे असलेले शेतीचे सर, हे चित्र मी काढायला हवं होतं. अळ्या काढण्यात राहून गेलं. आता ते नुसतं डोळ्यांसमोर येतं.

एवढी तयारी असून आम्ही हरायचो कसे, हा प्रश्न कुणालाही पडेल. हरायला आम्हाला वेगळी बुद्धी लागत नसे. एका वर्षी ओळखफेरीत कुंडीत लावलेलं एक झाड ठेवलं होतं. आमच्या मुलांनी ते लांबूनच ओळखलं. गाजरगवत. आता गाजरगवत दिसलं की मुळासकट उपटायचं, हे सरांनी त्यांच्या हाडीमाशी भिनवलेलं. संघातल्या पहिल्याच मुलानं पुढे होऊन ते उपटलं, मुळांची माती झटकली, खिडकीबाहेर फेकलं आणि हात पुसून जागेवर येऊन बसला. मागच्या सगळ्या शाळांना रिकामी कुंडी ओळखावी लागली. परीक्षक संतापले, आम्ही बाद झालो, आणि परतीच्या गाडीत सर त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. चूक काय झाली हे ते त्याला सांगायला तयारच होईनात.

त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं तेव्हा मात्र सगळं जमून आलं होतं. लेखी झाली, ओळखफेरी झाली, कुणी काही उपटलं नाही. राहिला प्रयोग. शाळेमागच्या जागेत मुलांनी भरताच्या हिरव्या वांग्यांचे दोन वाफे केले होते. एकावर केळीच्या वाळक्या पानांचं आच्छादन, दुसरा उघडा. कोणत्या वाफ्याला पाणी कमी लागतं आणि कुठे वांगी जास्त येतात, हे परीक्षक स्वतः येऊन, दोन्हीकडची तोडणी वेगवेगळी तोलून बघणार होते. वांगी अशी धरली होती की मीसुद्धा, जन्मात पहिल्यांदा, आपण होऊन चित्र काढायला बसलो. सर रोज सकाळी त्या वाफ्यांपाशी जाऊन उभे राहत, आणि मला वाटे, आता या माणसाला धुळ्याला जाण्यापासून कुणी अडवू शकत नाही.

ठरल्या दिवशी सर परीक्षकांना आणायला जामनेरला गेले. जाताना संघाची पुढारी भाग्यश्री, नववीतली, मोठी जबाबदार मुलगी, तिला बजावून गेले की पाहुण्यांच्या आदरात काही कमी पडू देऊ नको. त्यांच्या मनात चहा-पाणी होतं. पण दिवस थंडीचे. आणि आमच्याकडे थंडीत पाहुणा शेतात आला आणि भरीत न खाता गेला, तर त्या घराला लोक वर्षभर नावं ठेवतात. शाळेमागचं ते शेतच, येणारे ते पाहुणेच. मुलांच्या आया सकाळीच गोळा झाल्या, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ झाला, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापल्या गेल्या. आता आपल्या वाफ्यात असली वांगी लोंबत असताना पाहुण्यांसाठी बाजारची आणायची म्हणजे अब्रू गेलीच की. मी त्या वेळी वर्गात तक्ते टांगत होतो. भाजलेल्या वांग्यांचा वास खिडकीतून आला, छान वाटलं, आणि माझ्या डोक्यात काही म्हणून शंका आली नाही.

गाडी आली. सर उतरले, परीक्षकांना घेऊन सरळ मागे गेले आणि वाफ्यांपाशी थांबले. झाडं होती. पानं होती. सरांनी भाग्यश्रीकडे पाहिलं. ती आनंदानं पुढे आली.

‘‘कोणत्या वाफ्यातली काढली?’’ सरांनी विचारलं.

‘‘दोन्हीतली, सर. चांगली चांगली निवडू निवडू काढली.’’

ती एकत्र भाजली होती, एकत्र ठेचली होती, आणि आता एकाच पातेल्यात कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून परतली जात होती. परीक्षक भले होते. त्यांनी पोटभर खाल्लं, असं भरीत कित्येक वर्षांत खाल्लं नाही म्हणाले, आणि जाताना फार अवघडून म्हणाले की तोलायला वांगी नसल्यामुळे प्रयोग धरता येणार नाही. तेव्हा कुठे मुलांना समजलं. भाग्यश्री हातातली भाकरीची टोपली न ठेवताच रडायला लागली. सर पंगतीत बसलेलेच होते. त्यांनी ताट पुढे केलं, तिच्याकडून आणखी एकदा भरीत वाढून घेतलं, आणि घास खाऊन म्हणाले, ‘‘मीठ बरोबर पडलं, बेटा.’’ मग उठून नळावर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. मी जवळ गेलो तर मान वर केली नाही. शेवटी मी नळ बंद केला.

उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. आपल्या शेतावर राहायला गेले, आणि शाळा चालू झाली ती अळणी. विज्ञानाला नवीन बाई आल्या, हुशार आहेत, त्यांचं गुरुत्वाकर्षण वेळेवर संपतं. स्पर्धेचं लचांड मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात घातलं, कारण किडींची तोंडओळख फक्त मला होती. मी रडत-कुथत घेतलं. अडलं की संध्याकाळी सरांच्या शेतावर जायचो. ते सांगायचे, मी मुलांना सांगायचो. आणि काय सांगू, आमचा संघ निवडला गेला. ही बातमी द्यायला मी पळत गेलो. धुळ्याला संघाबरोबर एकाच शिक्षकाला जाता येतं, पण आपल्या खर्चानं सोबत या, म्हणून मी हात धरून बसलो. ते नाही म्हणाले. हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे म्हणाले, लाईटचा भरवसा नाही म्हणाले. शेवटी म्हणाले, ‘‘तुमी जा, पोरं गेली म्हंजे झालं.’’ चेहऱ्यावरून काही झालेलं दिसत नव्हतं.

धुळ्याला मुलं सभागृहात गेली, दार लागलं, आणि मी बाहेर एकटा उरलो. मोठी झाडं, लांबवर हिरवं रान. मला एकाएकी फार वाईट वाटलं. जागा त्यांची आणि उभा मी. मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते शेतातच होते. मी इमारत दाखवायला लागलो तर म्हणाले, ते राहू द्या, रान दाखवा. मी चालत गेलो. तिथे कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं-मुली खुरपी घेऊन बसली होती, प्रत्येकाचा वाफा वेगळा, काठीला नाव लावलेलं. सर एकदम थांबा म्हणाले.

‘‘हे वाफे आमालेही दिले होते,’’ ते म्हणाले. ‘‘मी मूग पेरला होता. पेरला अन् त्याच हप्त्यात घरून निरोप आला. उगोला का नाही, ते काही मले पाहाले भेटलं नाही.’’

इतक्या वर्षांत, इतकं धुळे ऐकवून, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. शेजारच्या वाफ्यात साक्रीकडची एक मुलगी बसली होती. मी फोन तिच्याकडे धरला आणि म्हणालो, आमचे सर आहेत, यांना तुझा वाफा दाखव. तिनं फोन घेतला, ओळीवरून सावकाश फिरवला. काय पेरलं आहे, असं त्यांनी तिला विचारलं. हरभरा शे, म्हणाली ती. मग त्यांनी विचारलं, ‘‘सारा उगोला का व, माय?’’

‘‘बठ्ठा उगना, बाबा,’’ ती म्हणाली. सगळाच्या सगळा उगवला होता.

तिनं फोन परत दिला तेव्हा पडद्यावर सर नव्हते. फोन त्यांनी बांधावर उताणा ठेवला असावा, नुसतं आभाळ दिसत होतं आणि पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता. मी हाक मारली नाही. मुलं बाहेर येईपर्यंत त्या वाफ्याच्या कडेला फोन तसाच धरून उभा राहिलो.