जमीन हलली तरच उघडायची पेटी

शपथेवर सांगतो, बिरादारच्या घरचे हे किस्से अक्षरन् अक्षर खरे आहेत. सगळं मी या डोळ्यांनी पाहिलंय. आता दोन-तीन ठिकाणी मी हजर नव्हतो, ही गोष्ट वेगळी! आणि जिथं होतो तिथं चष्मा घरी राहिला होता. पण त्यानं खरेपणाला काही धक्का लागत नाही.

लातुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. फोटो काढून गेलेली आणि न्यायला कधीच न आलेली कितीतरी माणसं माझ्याकडं पाकिटात पडून आहेत. हे किस्सेही तसेच साचले. शेजारी सत्तारभाईंचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. पाटबंधारे खात्यातला क्लार्क वसंत बिरादार ऑफिस सुटलं की त्यांच्या बाकड्यावर येऊन बसायचा. पगार झाला की अख्ख्या बाकड्याला त्याच्याकडून स्पेशल चहा. आठवडा उलटला की, "सत्तारभाई, च्या मागवा की!"

सत्तारभाई म्हणायचे, "बिरादारसाब, तुमचा पगार म्हंजे पाव्हना हाय. येतो, च्या पितो, निघतो. मुक्कामाला कधी ऱ्हायलाय का?"

*

एकदा त्याच्या बायकोनं, शकुंतलावहिनींनी, त्याला गंजगोलाईच्या बाजारात तूरडाळ आणायला पाठवलं. वाटेत भांड्याचं दुकान लागलं. दुकानदारानं आवाज दिला, "या साहेब!" बिरादारला कुणी साहेब म्हटलं की त्याचा हात आपोआप खिशाकडं जातो. तासाभरानं रिक्षातून एक भलामोठा स्टीलचा डबा घरी आला. आत त्याची पोरगी संगीता बसून लपाछपी खेळली असती, एवढा!

"डाळ कुठंय?" वहिनींनी विचारलं.

"आगं, डबा तर बघ! स्वस्तात मिळाला. आता वर्षाची डाळ ह्यात बसंल!"

"अन् आजची?"

आजच्या डाळीचे पैसे डब्यात गेले होते. जेवायच्या वेळी वहिनींनी ताट मांडलं आणि ताटासमोर डबा आणून ठेवला.

"जेवा. तोंडी लावायला झाकन हाय!"

*

आता पेटीचं सांगतो. भूकंप झाला त्या वर्षी किल्लारीकडून ज्या बातम्या येत होत्या, त्या ऐकून लातुरात कुणाचा घरात पाय ठरत नव्हता. सगळी गल्ली अंगणात झोपायची. प्रत्येक घराची एक पत्र्याची पेटी फाटकाजवळ तयार. कागदपत्रं, दोन कपडे, असेल ते सोनं. जमीन हलली की पेटी उचलायची आणि पळायचं.

हळूहळू लोक घरात गेले, पेट्या माळ्यावर गेल्या. वहिनींची पेटी मात्र दाराशीच राहिली. शिवणकामाचे पैसे त्या तिच्यात टाकायच्या आणि किल्ली मंगळसूत्रात. नियम एकच, "ही पेटी जमीन हलली तरच उघडायची. एरवी न्हाई."

पैसे कशासाठी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लातुरात तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. शिरूर अनंतपाळ, रेणापूर, कुठून कुठून पोरं येऊन खोल्या घेऊन राहत होती. माझ्याकडं पासपोर्ट फोटोंना रांग! वहिनी ती रांग बघायच्या आणि म्हणायच्या, "बाहेरगावची लेकरं हितं येऊन शिकून राहिली भावजी, अन् माझी संगी गावात असून घरी बसंल व्हय?" संगीताला डॉक्टर व्हायचं होतं. पोरगी हुशार. अडचण फक्त फीची आणि बापाची.

*

बापाला कलर टीव्ही पाहिजे होता. पैसे पेटीत आणि पेटी जमिनीच्या भरवशावर. मग एका रविवारी दुपारी बिरादार पलंगावरून ताडकन उठला, "हललं! हललं! शकुंतला, पेटी उघड!"

वहिनींनी कोपऱ्यात पाहिलं. तिथं पाटावर उलटा तांब्या आणि तांब्यावर पेला ठेवलेला असायचा. भूकंपानंतर घरोघरी हेच यंत्र होतं. जरा हादरा बसला की पेला खाली! त्या दिवशी पेला जागचा हलला नव्हता.

"नुसते तुम्हीच हललाव," वहिनी म्हणाल्या, "झोपा."

पुढच्या रविवारी बिरादारनं सुधारणा केली. भिंतीला पाठ लावून असा काही धक्का दिला की पेला, तांब्या, वर टांगलेली परात, सगळं एकदम खाली! आवाज गल्लीभर गेला. कुणीतरी ओरडलं, "पळा!" दोन मिनिटांत अख्खी गल्ली रस्त्यावर. कुणी पोरं काखेत मारून, कुणी अर्धी दाढी करून. मी कॅमेरा घेऊन पळालो. बायको मागून ओरडत होती, "आवो, मला तरी घ्या!"

खरं काय ते कळल्यावर लोक चिडले नाहीत. म्हातारे चिंचोळेआजोबा फक्त म्हणाले, "आता पळून पळून घसा कोरडा पडलाय बाबा."

अख्ख्या गल्लीला चहा! दूध, साखर, पत्ती, सगळं बिरादारच्या खिशातून. पेटी उघडली नाही ती नाहीच. उरलेल्या पैशात टीव्हीचा अँटेनासुद्धा आला नसता.

*

सत्तारभाईंनी एकदा त्याला बसवून समजावलं. "हे बघा, घडीला एकदम सगळी चावी दिली की स्प्रिंग तुटते. रोज थोडी थोडी द्यायची. पैशाचं पन तसंच. पगार आला की आधी वाटन्या करायच्या. किराना, लाइटबिल, पोरीचं शिक्षन. मंग ऱ्हायलं ते आपलं."

बिरादार भारावला. "सत्तारभाई, एवढं ग्यान तुमाला कुनी दिलं?"

"बेगमनी."

"मंग तुमचा हिशेब एकदम पक्का असंल!"

"हाव तर! गल्ल्याची चावी तिच्याकडं असती. माझ्याकडं नुसतं ग्यान!"

बिरादारवर मात्र परिणाम झाला. तो तडक बाजारात गेला आणि पगाराच्या दिवशी बचतीची आठवण राहावी म्हणून गजराचं एक नवंकोरं घड्याळ विकत घेऊन आला. तेही दुसऱ्याच दुकानातून! सत्तारभाई आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

*

मग वहिनींच्या भावाचं नांदेडला लग्न निघालं. आम्हा सगळ्यांना आमंत्रण. आमच्याकडं आहेर माइकवरून पुकारतात. हा रिवाज ज्यानं काढला त्यानं किती घरं बुडवली असतील, देव जाणे.

माइकवाला ओरडला, "लोह्याचे धाकटे जावई, यांच्याकडून लोखंडी कपाऽऽट!" टाळ्या पडल्या. बिरादारच्या पाकिटात शंभराची नोट होती. त्याच्या चेहऱ्याचा रंग बदलला. मी शर्ट धरेपर्यंत तो स्टेजवर. माइकवाल्याच्या कानात काहीतरी बोलला.

"लातूरचे थोरले जावई, बिरादारसाहेब, यांच्याकडून फ्रीऽऽज!"

मांडव दणाणला. बिरादारचे लोहेकर साडू खुर्चीत लहान झाले. आणि बायकांच्या बाजूनं पदर खोचत वहिनी निघाल्या. सरळ स्टेजवर. माइक हातात घेतला. नुकतीच अकरावीच्या क्लासची फी ऐकून आलेली बाई ती!

"मंडळी, फ्रीज दिला तर माझी संगी क्लासला जात न्हाई. तवा आमच्याकडनं एक स्टीलचा डबा हाय. नवाकोरा हाय. लई मोठा हाय. राग मानू नका."

बिरादार बुटांकडं बघत उभा. तेवढ्यात नवरदेवच मुंडावळ्या बाजूला सारून ओरडला, "ताई, डबाच बरा! फ्रिजात ठेवायला आमच्या घरी हाय तरी काय!"

असा हशा पिकला की भटजींचे मंत्र चुकले. मागून लोह्याचे साडू आले आणि बिरादारच्या कानाशी लागून म्हणाले, "तुमची सुटका झाली पाव्हनं. माझ्या कपाटाचे हप्ते दोन वर्षं हायेत!"

परतीच्या एसटीत बिरादार खिडकीशी बसला. अहमदपूर गेलं. चाकूरला गाडी थांबली तेव्हा हळूच म्हणाला, "ह्या म्हयन्यापासून पगार तुझ्या हातात देतो."

"माझ्या कशाला?" वहिनी म्हणाल्या. "दोघं बसून वाटू. तुमी का पाव्हने हाव?"

*

पगार झाला. दोघं बसले, वाटण्या केल्या. दुसऱ्या दिवशी बिरादार बाकड्यावर आला तो हैराण होऊन.

"सत्तारभाई, किराना, बिल, भाडं, पोरीचं, सगळं बाजूला काढलं, तर पगार तिथंच संपला! मंग आजवर मी एवढा खर्च कुठून करून राहिलो होतो?"

सत्तारभाईंनी डोळ्याचं भिंग काढलं. "माझ्याकडून!"

पण त्या महिन्यात आणि नंतरही बिरादारनं हातउसनं मागितलं नाही. चहा बंद केला नाही, कटिंग केला. दुकानदार "या साहेब" म्हणाला की हा हात जोडून म्हणायचा, "मी क्लार्क हाव."

*

शेवटचा किस्सा. संगीताचा दहावीचा निकाल लागला. मार्क असे की वहिनींनी आधी पेढे वाटले आणि मग विचारलं, "हे शंभरातनंच हायेत ना?" क्लासची फी भरायची शेवटची तारीख सोमवारी.

रविवारी पेटीपुढं सगळे बसलो. वहिनींनी किल्ली काढली, तर बिरादार आडवा आला. "न्हाई! नियम म्हंजे नियम. जमीन हललेली न्हाई!"

वहिनींनी संगीताकडं बोट केलं. "आवो, पेटी जिवासाठी होती," त्या म्हणाल्या. "ही बसलीय की जीव."

पेटी उघडली. पैसे मोजले. कमी पडत होते. थोडेथोडके नाही, चांगलेच. क्लासवाल्यांनी त्याच वर्षी फी वाढवलेली. संगीता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पप्पा, मी घरीच करते अभ्यास."

सोमवारी आम्ही सगळे क्लासच्या ऑफिसात. मी फोटो देण्याच्या निमित्तानं. सरांच्या डोक्यामागं पाटी होती, 'फी कमी होणार नाही. विचारून लाजवू नये.' बिरादारनं उभ्या आयुष्यात घासाघीस केली नव्हती. दुकानदार म्हणेल तो भाव! तो खुर्चीच्या कडेवर बसला, पाटी वाचली, आणि बोलायला लागला.

काहीच झाकलं नाही. डबा, खोटा भूकंप, गल्लीचा चहा, गजराचं घड्याळ, मांडवातला माइक. बायकोसमोर, पोरीसमोर. शेवटी म्हणाला, "सर, हिनं जमवलं ते एवढं. कमी हाय ते माझ्यामुळं कमी हाय. तेवढं म्हयन्याला पगारातून देतो. आता वाटनी करायला शिकलो."

सर खो खो हसले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आहे तेवढ्यात पोरगी बसवतो," ते म्हणाले, "उरलेले देऊ नका. पण आमच्याकडं खेड्यातून पालक येतात. जमीन गहाण टाकून आणलेला पैसा खाट, कूलर, टेबल यातच पहिल्या दिवशी उडवून बसतात. दर बॅचला येऊन त्यांना तासभर हे सगळं सांगायचं. जसंच्या तसं!"

पुढच्या रविवारी बिरादारनं धुतलेला शर्ट घातला आणि पहिलं व्याख्यान दिलं. मागच्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. भाषण संपल्यावर एका पालकानं उठून विचारलं, "साहेब, फी किती घेता तुमी याची?"

बिरादारनं मागं बघितलं. वहिनींनी नाही म्हणून मान हलवली.

"एक बॅच फुकट," तो म्हणाला, "पुढचं घरी विचारून सांगतो!"

आता यात मी पदरचं काय घातलं, तेवढं सांगून टाकतो. सर हसले, हे खोटं. त्या सरांना आजवर कुणीच हसताना पाहिलेलं नाही. ते फक्त पेन्सिलीनं टेबल वाजवत ऐकत होते. फी कमी केली, ते मात्र खरं.