मणी, टीचर आणि मागच्या भिंतीवरचा कावळा

आमच्या तंजावूरच्या घरी एकदा आठवडाभर कुत्र्याची शिकवणी चालली होती. म्हणजे शिकत होत्या शेजारच्या रोझी टीचर... कुत्रा नुसता बसून होता.

झालं असं, की अण्णाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. तेव्हा अशा नोकऱ्या नव्यानंच निघायला लागल्या होत्या. अप्पांना तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोललेली, पण महाराष्ट्र कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही! अण्णानं भाड्यानं फ्लॅट घेतला तसं अप्पांनी सगळ्यांचं रिझर्व्हेशन करून टाकलं.

प्रश्न एकच होता... मणी.

मणी म्हणजे आमचा कुत्रा. तमिळ मुलखात दर दुसऱ्या कुत्र्याचं नाव मणीच असतं. याचा जन्म चहाच्या दुकानामागचा, पण अप्पांच्या मते त्याला तमिळ अक्षर कळत नव्हतं. आमच्याकडचा भात खातो ना, मग तो मराठीच!

रोझी टीचर एकट्या राहायच्या, शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी आपणहून सांगितलं, मणीला माझ्याकडे ठेवा. मग काय... अप्पांनी त्यांना 'ये', 'बस', 'नको' असे शब्द शिकवायला घेतले. टीचर परीक्षेला बसल्यासारख्या घोकायच्या. मणी कंटाळून जांभया द्यायचा.

रोज दुपारी त्याला तासभर तिकडे नेऊन सोडायचं, सवय व्हावी म्हणून. अप्पांची जुनी वेष्टी, म्हणजे धोतर, त्याला अंथरायला दिली. दहीभात किती मऊ कालवायचा ते अम्मानं करून दाखवलं. जेवण मात्र आमच्याकडेच उरकून न्यायचो... टीचरना आत्तापासून कशाला त्रास? तयारी अगदी चोख झाली असं वाटत होतं.

पुण्याला पोचलो. अप्पा रस्त्यातली प्रत्येक मराठी पाटी मोठ्यानं वाचून घ्यायचे... म्हणजे वाचायचा अण्णा, कारण आमच्यात देवनागरी तेवढी त्यालाच यायला लागली होती. अप्पा नुसते मान डोलवायचे. एवढं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून टीचरना फोन लावला. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "सार, ये म्हटलं की येतो, बस म्हटलं की बसतो. पण जेवत नाही. तुम्ही निघाल्यापासून घास नाही. ताटली ठेवली की मागच्या दारी जाऊन भिंतीकडे बघत राहतो."

अप्पांचा चेहरा खर्रकन उतरला. घरी आल्यावर म्हणाले, "परत जाऊं. मुकं जनावर उपाशी ठेवून मला कसलं पुणं दिसतंय?" अण्णानं आमच्यासाठी रजा काढली होती, किती काय काय दाखवायचं ठरवलं होतं. मला तर मणीचाच राग आला आणि लगेच रडूही आलं.

तेवढ्यात स्वयंपाक झाला. अम्मानं नेहमीसारखी भाताची पहिली मूठ घेतली आणि बाल्कनीच्या कठड्यावर ठेवून "का... का..." अशी हाक दिली. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका बघायला लागल्या. आमच्यात आधी कावळ्याला घास, मग माणसांना. पितर त्या रूपानं येऊन जेवतात म्हणतात. हे इतकं रोजचं, की त्यात सांगण्यासारखं काही आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

अम्माचा हात तसाच राहिला. "अय्यो! अहो, टीचरच्या घरी कावळ्याला कोण घालतंय?"

मणी पिल्लू असताना तंजावूरच्या घरी मागच्या भिंतीवर ठेवलेल्या घासावर झेप घ्यायचा आणि अम्माची चापट खायचा. तेव्हापासून कावळा उडून गेल्याशिवाय तो ताटलीला तोंड लावत नसे. बिचारा भिंतीकडे बघत कावळ्याचीच वाट पाहत होता!

आम्ही सगळे पुन्हा बूथवर. पण अम्मा फोन हातात घेऊन घुटमळली. टीचर दर रविवारी चर्चला जाणाऱ्या... आमच्या पितरांना तुम्ही जेवू घाला, असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी तिनं अडखळत सगळं सांगितलं.

पलीकडून टीचरनी विचारलं, "भात नुसता घालायचा की तूप घालून?"

संध्याकाळी पुन्हा फोन केला, तर टीचर आम्हांला बोलूच देईनात. मणीनं ताटली चाटूनपुसून साफ केली हे ओझरतं सांगितलं. खरी बातमी ही, की त्यांच्या पहिल्याच हाकेला कावळा आला! अप्पांनी बूथवाल्याला पेढा दिला आणि आम्ही ठरल्याप्रमाणे पुणं पाहिलं.

परत आलो तर मणी चांगला गुटगुटीत झाला होता. पुढे तो दोन्ही घरच्या कावळ्यांची वाट बघून दोन्हीकडे जेवायला लागला, लबाड!

या गोष्टीला फार वर्षं झाली. मणी गेला, अप्पा गेले, गेल्या वर्षी अम्माही गेली. मी लग्न होऊन पुण्यातच राहते आणि आता पाट्या माझ्या मीच वाचते... तंजावूरच्या घराला कुलूप आहे.

परवा घर झाडून घ्यायला गेले होते. दुपारी मागचं दार उघडलं आणि पलीकडून थकलेल्या आवाजात हाक आली... "का... का..." टीचर आता काठी घेऊन चालतात. मी विचारलं, मणी नाही, मग आता घास कुणासाठी?

म्हणाल्या, "तुझी अम्मा आली आणि दाराला कुलूप दिसलं, तर ती जेवणार कुठे?"

टीचर, तुम्हांला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे इथं लिहून टाकते... तुमच्यामुळे माझी अम्मा अजून रोज शेजारी जेवते.