आधी पाणी, मग औषध

लग्नाकार्यात पंगत उठली की नातेवाईक मला खुर्ची देतात आणि म्हणतात, "हां काका, आता तुमचे किस्से होऊन जाऊ द्या." माझे किस्से म्हणजे माझीच फजिती. वळूला इंजेक्शन द्यायला गेलो आणि त्याला धरणाऱ्या माणसालाच टोचलं, तो एक. म्हैस गाभण आहे असं छातीठोक सांगितलं आणि मालक दहा महिने वाट पाहत बसला, तो दुसरा. जबलपूरच्या मराठी मंडळींत एवढ्या मालावर मी चाळीस वर्षं काढली. मेंढ्यांची गोष्ट मात्र पंगतीत सांगत नाही. एकदा सुरुवात केली होती. निम्म्यापर्यंत लोक छान हसले. पुढचं मला बोलता येईना, म्हणून मी परत म्हशीवर आलो.

राज्यं वेगळी झाली तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि वडिलांची नोकरी इकडे मध्य प्रदेशात राहिली, म्हणून आम्हीही इकडचेच झालो. मी जनावरांच्या दवाखान्यात सहायक म्हणून लागलो. मझौलीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका खोलीचा दवाखाना. खरे डॉक्टर जिल्ह्याला बसायचे. इथे मी, एक कपाट आणि एक शिक्का. लोक मला 'डॉक्टर साहब' म्हणायचे. पहिले दोन महिने मी दुरुस्त करत होतो, नंतर सोडून दिलं. कानाला बरं वाटायचं.

वर डोंगरात गडरियांचं, म्हणजे मेंढपाळांचं गाव होतं. वीस-पंचवीस घरं, प्रत्येक घराला काट्यांच्या कुंपणाचा वाडगा, आणि जिकडेतिकडे लोकरीचा तो ओलसर वास. बाया टकळीवर सूत काढत पाण्याला जायच्या, पुरुष खड्डामागावर कांबळी विणायचे. तिथे मेंढ्या मोजत नसत. मी पहिल्याच दिवशी खडू घेऊन वाडग्यात शिरलो आणि मोठ्याने एक, दोन, तीन सुरू केलं, तर एका म्हातारीनं माझ्या हातातून खडू काढून घेतला. "गिनते नहीं साहब. पहचानते हैं." तिचा नवरा वाडग्याच्या तोंडाशी बसून हसत होता. त्याला सगळे दाऊ म्हणायचे, तिला अम्मा. मीही तेच म्हणायला लागलो. गावातला सगळ्यात जुना कळप त्यांचा. मूलबाळ नाही, शेत नाही. कळप हेच घर.

त्या लोकांची आणखी एक रीत होती. कुणाचा कळप रोगानं किंवा लांडग्यानं संपला, तर प्रत्येक घरानं त्याला एक-एक तरणी मेंढी द्यायची. मागावं लागत नाही. पंच बसतात, काय घडलं ते ऐकतात आणि संध्याकाळपर्यंत नवा कळप उभा राहतो. पण मेंढपाळाच्या हलगर्जीनं मेला असेल तर एक खूरही मिळत नाही. "जो अपनी नहीं संभाल सका, वो हमारी क्या संभालेगा," असं दाऊनंच मला समजावलं होतं. मला ते फार पटलं. मी वहीत लिहूनही घेतलं.

त्या चैत्रात कातरणी झाली आणि वरून हुकूम आला की गोचिडांचं नवं औषध मेंढ्यांना आंघोळीतून द्यायचं. जबलपूरहून मोठे साहेब जीपनं येणार, प्रात्यक्षिक बघणार. शेजारच्या गावात असं आधीच झालं होतं आणि छान झालं होतं. मी दाऊला म्हटलं, तुमच्याच कळपाचा मान. तो भल्या सकाळी मेंढ्या घेऊन खाली उतरला. सिमेंटचा हौद तयार होता, औषध कालवलेलं होतं, बाजूला मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा.

साहेब दहाला येणार होते. अकरा झाले, बारा झाले. ऊन असं की पत्र्याला हात लाववेना. मेंढ्या कोंडलेल्या, एकमेकींच्या पोटाखाली तोंडं घालून उभ्या. दाऊ दोनदा येऊन म्हणाला, "साहब, पहले पानी पिला लें. नाला पास ही है. प्यासी भेड़ को पानी में नहीं उतारते." मला तेवढंच दिसत होतं की जीप येईल आणि मेंढ्या नाल्यावर असतील. मी म्हटलं, "दाऊ, आंघोळ झाली की पाजा ना. काय घाई आहे?"

अम्मा ऐकत बसली नाही. डोक्यावर घागर, हातात बादली घेऊन ती नाल्याहून आली आणि कुंपणाशी बादली टेकवली. मेंढ्या उसळल्या, कुंपण हललं. मी बादली उचलून बाजूला ठेवली. म्हटलं, "अम्मा, गडबड मत करो. साहेब काय म्हणतील?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि घागर डोक्यावरून उतरवलीच नाही. तशीच उभी राहिली.

एक वाजता जीप आली. घंटा बांधलेली म्होरकी मेंढी पहिली हौदात गेली. तिनं तोंड खाली घातलं आणि प्यायला लागली. तिच्या मागची प्यायली, तिच्या मागचीही. एरवी मेंढी हौदात उतरताना माणसाला लाथा मारते. या मात्र उतरायला धडपडत होत्या. आणि मी, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य बोललो. साहेबांना म्हणालो, "बघा साहेब, किती शांत आहेत. यांना औषध आवडून राहिलं."

साहेब खूश झाले. वहीत काहीतरी चांगलं लिहिलं. दाऊ ओरडत होता, "पी रही हैं, साहब, पी रही हैं," आणि मी हातानं त्याला गप्प करत होतो.

साहेब चहा घेत होते तेव्हा म्होरकी थरथरायला लागली. तोंडाला फेस, मागचे पाय फाकलेले. मग दुसरी, मग दहा. कपाटात उताऱ्याच्या औषधाच्या दोन कुप्या होत्या. त्या मी दोन मेंढ्यांना दिल्या, आणि त्या दोन्ही आधीच गेलेल्या होत्या हे मला नंतर कळलं. दाऊ एकेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसत होता, ती गेली की पुढचीकडे सरकत होता. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. उरला एक मेंढा, जो बांधून ठेवला होता, आणि कोकरं, जी हौदात उतरवायला लहान होती. कोकरं आयांजवळ जाऊन आचळांना तोंड लावत होती. अम्मा त्यांना ओढून काढत होती आणि ती परत जात होती.

साहेबांनी मला जीपमागे नेलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. एवढंच म्हणाले, "रस्ते में इन्होंने चारा क्या खाया था, देखा तुमने?"

मला समजायला वेळ लागला नाही. त्या एका बाबतीत मी हुशार निघालो. वाटेत ज्वारीचं कापलेलं शेत होतं, बुडख्यांना कोवळे फुटवे आले होते. ते विषारी असतात हे मेंढपाळाच्या पोरालाही माहीत. मी अहवाल लिहिला: कोवळी ज्वारी खाल्ल्यामुळे विषबाधा. सही केली, शिक्का मारला. आणि माझ्या चांगुलपणाची कमाल बघा, त्याची एक नक्कल दाऊच्या हातात दिली. "जपून ठेवा. कामी येईल." कुठल्या कामी, ते मलाही माहीत नव्हतं. त्यानं ती घडी घालून पागोट्यात खोचली. त्याला वाचता येत नव्हतं.

आठवड्यानं पंच बसले. मलाही बोलावणं आलं, साक्षीदार म्हणून. डोंगर चढताना मी मनात ठरवत होतो की काही विचारलं तर 'फार वाईट झालं' एवढंच बोलायचं.

दाऊ उभा राहिला. म्हणाला, तहानलेल्या होत्या, दवा पिऊन मेल्या. पंचांचा मुखिया म्हणाला, "वही दवा पड़ोस के गाँव में भी पड़ी. वहाँ तो एक न मरी." तेव्हा दाऊनं पागोट्यातून तो कागद काढला, दोन्ही हातांनी पुढे केला. "सरकारी है. साहब ने दिया है. इसमें सब लिखा होगा."

गावात थोडंफार शिकलेला एक जावई होता. त्यानं वाचलं. ज्वारी हा शब्द आला तसं कुणीतरी तोंडानं च्च केलं. दाऊनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मीच काही चुकलो का, असं विचारावं तसं. मग हळू आवाजात म्हणाला, "उस खेत के बगल से निकले तो थे हम."

मी उठलो. कसा उठलो कोण जाणे. बोललो, सगळं बोललो. ज्वारी खोटी आहे, पाणी मी पाजू दिलं नाही, बादली मी उचलली. बोलताना हिंदीत मराठी घुसत होती. बोलून झालं तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि मला वाटलं, चला, सुटलो.

मुखिया माझ्याकडे बघून हसला, प्रेमानंच. "डॉक्टर साहब, आप भले आदमी हैं. बूढ़े पर दया आ गई. पर ये दसखत किसके हैं?"

"माझेच."

"तो कागज़ वाले साहब सच्चे, या ये खड़े वाले?"

लोक हसले. खरं सांगतो, मलाही किंचित हसू आलं. सवयच ती.

अम्मा बायकांत मागे बसली होती, एक कोकरू पदराखाली. तिथूनच म्हणाली, "तो खड़े वाले भी लिख दें. कागज़ को कागज़ काट देगा."

सगळे वळले. मुखियानं मान हलवली. गोष्ट रास्त होती. माझ्या खिशाला पेन होतं. जावयानं वहीचं पान फाडून पुढे केलं. मी म्हणालो, "शिक्का दवाखान्यात आहे. बिनशिक्क्याच्या कागदाला काय अर्थ? उद्या दुपारी घेऊन येतो."

"ठीक है," मुखिया म्हणाला. "कल दोपहर तक पंचायत बैठी है."

घरी आलो. बायको म्हणाली, "काहून असा चेहरा करून राहिले?" तिला सांगितलं. तिनं निवडायच्या तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "लिहून द्या ना मग. नोकरीचं काय होते ते पाहू. माझा भाऊ आहे नागपूरला."

"दोन ओळी लिहिल्या की नोकरी गेली," मी म्हटलं.

"त्यांचं काय गेलं ते तुम्हीच सांगून राहिले आत्ता."

सकाळी उठून मी लिहिलं. चांगल्या अक्षरात, सही-शिक्क्यासकट. कागद खिशात घातला, रस्त्यावर आलो. डोंगराची वाट डावीकडे होती. उजवीकडून जबलपूरची बस आली आणि मी तिला हात केला. स्वतःला सांगितलं की आधी साहेबांना विचारून घेऊ, तेच रीतीचं. साहेबांच्या कचेरीकडे मी फिरकलोही नाही. दुपारी मी तिलवाऱ्याच्या पुलावर होतो, नागपूरच्या गाड्या मोजत. कागदाचं काय केलं ते सांगायला नको. नर्मदेत लोक काय काय टाकतात.

दाऊला एकही मेंढी मिळाली नाही. कोकरं निम्मी मेली, निम्मी दुभत्या मेंढ्या असलेल्या लोकांनी वाटून घेतली. पावसाळ्यात तो दुसऱ्याच्या कळपामागे चालताना दिसला, मालकाच्या दहा पावलं मागे. मला पाहून त्यानं राम-राम केला. मी बदलीचा अर्ज केला आणि खात्यानं तो लगेच मंजूर केला. कामात मी चोख होतो.

निघायच्या दिवशी तो जावई भेटला. मी आपलं विचारलं, त्या दिवशी मग काय झालं? तो म्हणाला, दुपार झाली, मुखिया उठायला निघाला. अम्मानं त्याच्यापुढे पदर पसरला. म्हणाली, शिक्का कपाटात अडकला असेल, किल्ली सापडत नसेल, साहब येतील. तिच्या शब्दाखातर पंच आणखी एक दिवस बसले. त्या दिवशी जेवायला त्यांना तिनं घातलं.