किसनची जागा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण गेल्या महिन्यात एका लग्नात मी अशा माणसाच्या जागी उभा राहिलो, ज्याला त्या जागेवरून मीच घालवलं होतं. पण त्याआधी थोडं रागाचं बोलू द्या. फार साचलाय राग.

बोंडअळीची वर्षं होती. आमच्या फुलसावंगीच्या बाजूला तेव्हा चोरबीटीची चलती होती. चोरबीटी म्हणजे परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं. त्यावर तणनाशक मारलं तरी पीक जळत नाही, निंदणाला बाया शोधत फिरावं लागत नाही. पैनगंगेपलीकडून हे बियाणं आणायचा रामधन, शेजारच्या तांड्यावरचा बंजारा. मी त्याच्या गाडीवर हमाल. आणि मीच पोलिसांचा खबऱ्या.

कसा झालो? माझ्या घरात पोलिसांना त्या बियाण्याची दोन पाकिटं सापडली. जमादार म्हणाला, “आत जातं का खबर देतं?” मी घाबरलो. एवढंच.

आता संताप ऐका. रामधनचं बियाणं उगवायचं हो! न उगवणारं, बोगस बियाणं मिळायचं तालुक्यातल्या एका मोठ्या दुकानात, पक्क्या बिलावर. त्या दुकानाची खबर मी दोनदा दिली. जमादार माझ्यावरच डाफरला, “तुले काय करायचं तिकडचं? तुले रामधन सांगतला, रामधनवर ध्यान ठेव.” पुढे त्याच दुकानात, पंख्याखाली, मी त्याला चहा पिताना पाहिलं. शेतकऱ्याचं पेरलेलं रान उगवलं नाही तरी चालेल—पकडायचा कोण, तर पिकअप चालवणारा तांड्यावरचा माणूस. कोणता कायदा म्हणायचा हा?

तरी खबर मी दिलीच. मे महिन्याच्या भर उन्हात नदीच्या पुलावर गाडी अडवली गेली. पोलिसांची एक रीत असते—खबऱ्यालाही सोबत पकडायचं, म्हणजे त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. जमादाराने लोकांदेखत माझ्या कानाखाली दोन वाजवल्या आणि एकाच बेडीत माझा आणि रामधनचा हात अडकवला. ठाण्याच्या ओसरीवर आम्ही तसेच बसलो. आणि रामधन काय म्हणत होता? “सायेब, हा हमाल हाय. पोत्यात काय हाय तेबी याले माईत नाई. याले सोडा.” संध्याकाळपर्यंत तो तेच म्हणत राहिला. मला सोडणारच होते, हे त्याला कुठे ठाऊक? त्याला वाटलं, आपल्या शब्दावर सुटला. तो स्वतः आत गेला.

जामिनावर सुटून आला तेव्हा तांड्यात नसाब बसली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत, नायकासमोर, सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे. प्रश्न एकच—खबर कोणी दिली? संशय रामधनच्या सख्ख्या भावावर, किसनवर होता. गाडी पकडण्याच्या पंधरा दिवस आधी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं वाजलं होतं आणि किसन भांडणात बोलून गेला होता, “तुले एक दिवस आत टाकतो.” त्याने मंदिरासमोर हात वर करून शपथ घेतली. कोणी मानली नाही.

मलाही बोलावलं होतं. बंजारे स्वतःला गोर म्हणतात, बाहेरच्याला कोर. मी कोर, वर बौद्धवाड्यातला. एकाने माझ्याकडे बोट केलं. तर रामधन उठून उभा राहिला. “हा कोर असून माह्यासंगं बेडीत बसला. माह्यासाठी मार खाल्ला यानं. याच्यावर शंका घ्याल तं पयले माह्यावर घ्या.”

पोलिसांच्या त्या दोन थपडा—बघा, कुठे कामाला आल्या!

मग नायकाने मला विचारलं, “तू तं तिथं होता. तूच सांग, कोन हाय?”

मी म्हणालो, “मले काय माईत?” आणि... हेच ते. हेच सांगायचं होतं. मी किसनकडे पाहिलं. चांगलं सगळ्यांना दिसेल इतका वेळ पाहिलं, आणि मान खाली घातली.

नायकाने निकाल काही दिला नाही. गरजच पडली नाही. त्या दिवसापासून किसनच्या घरी कोणी पाणी पिईना. पेरणीच्या आत तो बायकोला घेऊन राजूरकडे, कोळशाच्या कामाला निघून गेला. कापूस सोडून दुसरं काही न केलेला माणूस.

जमादारावर चिडायला मला बरं वाटतं. त्या दुकानावर, कायद्यावर—वर्षानुवर्षं चिडतोय, आणि खोटं काहीच नाही त्यात. पण नसाबीत जमादार नव्हता. तिथे मला कोणी धमकावलं नव्हतं. मान मी माझी घातली खाली.

गेल्या महिन्यात रामधनच्या मुलीचं लग्न झालं. तो स्वतः घरी आला होता. म्हणाला, “मांडवात पोरीले काका लागते. तू उभा राय. सख्ख्यानं धोका देल्ला, तू साथ देल्ली.” मी नाही म्हणू शकलो असतो. गेलो. दुपट्टा-टोपी घालून पाहुण्यांना सामोरा झालो. निघताना पोरगी ‘काका’ म्हणत गळ्यात पडून रडली. मीही रडलो, आणि सगळ्यांना वाटलं, किती माया!

खबर किसनने दिली नव्हती. मी दिली होती. फुलसावंगीहून राजूर एका दिवसात जाऊन येता येतं. इतक्या वर्षांत मी एकदाही गेलेलो नाही.