ब्रश कसा धरायचा

बूट पॉलिशचा वास आला की माझी चूक समोर उभी राहते. चंडीगडला डॉक्टरकी शिकताना आरक्षणाविरुद्धच्या आंदोलनात, ‘आता हेच करायचं उरलं’ म्हणत, आम्ही ॲप्रन घालून रस्त्यावर बूट पॉलिश करायला बसलो होतो. मे महिन्यातली आंधी आली, भरदुपारी अंधारलं आणि सगळे पळाले. मी एकटाच सामान आवरत असताना पिवळ्या धुळीतून माझा रूममेट आला. तो राखीव जागेवर आलेला, त्याचे वडील अकोल्याला चपला शिवायचे. माझ्या हातातला ब्रश नीट धरवत तो म्हणाला, “असा धर. बाबा हसून राहिले ना तुले.” वडील जाऊन वर्ष झालं होतं, आणि तो माझ्या खांद्यामागे बघत होता. मला मागे वळून पाहवलं नाही. काल, इतक्या वर्षांनी, मी त्याला फोन करून म्हणालो, “तुझ्या बाबांच्या कामाची मी टिंगल केली. चुकलो रे, माफ कर.”