सोमवारची सही आणि रविवारचा शिमगा

मी नववीत शाळा सोडली, त्यात भूगोलाचा हात मोठा. नकाशा भरायला दिला की माझा सह्याद्री हमखास समुद्रात जायचा. गुरुजी म्हणाले होते, "तू आयुष्यात कुठेही पोचणार नाहीस." आज मी पर्थला आहे, म्हणजे भूगोल त्यांचाही थोडा कच्चाच होता म्हणायचा.

खरं सांगायचं तर पोचली बायको. ती नर्स. तिच्या व्हिसाला मी जोडलेला, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात तसा. इथे एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये मला काम मिळालं. भाज्या चिरायच्या, पातेली घासायची. काम कॅज्युअल, म्हणजे रोजच्या बोलावण्यावरचं; सकाळी फोन वाजला की वाटायचं, आज येऊ नको म्हणतात की काय. तीन महिने झाले की हेडकुक फॉर्मवर सही करणार आणि मी परमनंट होणार. सही सोमवारी होती. म्हणून त्या आठवड्यात मी सगळ्यांना थँक यू म्हणत सुटलो होतो. एकदा भांडी धुण्याच्या मशीनलाही म्हणालो.

आमचा हेडकुक भूतानचा. मी त्यांना सर म्हणायचो, ते म्हणायचे, "सर मत बोलो," मी म्हणायचो, "नाही म्हणणार, सर." आमची भाषा म्हणजे सिनेमातली हिंदी आणि किचनमधलं इंग्रजी. शाळेने जो भूगोल मला शिकवला नाही तो त्यांनी ओट्यावर मैदा पसरून शिकवला. वर तिबेट, खाली आसाम, मध्ये चिमटीने उचललेल्या मैद्याचे डोंगर.

"सपाट जागा कुठे आहे?" मी विचारलं.

"एक होती. तिच्यावर विमानतळ बांधला."

इतिहासही तिथेच झाला. बाहेरच्या कोणाचं राज्य त्यांच्यावर कधी आलं नाही म्हणे. मी विचारलं, असं कसं? ते म्हणाले, "चढता चढता दमायचे बिचारे." पर्थ त्यांना फार सपाट वाटायचं. चढ म्हणून इथे काय ते बहुमजली पार्किंग. घरची आठवण आली की ते तिथे गाडी सर्वांत वरच्या मजल्यावर लावून यायचे.

त्यांच्याकडे मिरची हा मसाला नाही, भाजी आहे. मी कोकणातला, ठेच्याच्या बढाया मारून झालेल्या. त्यांनी वाटीभर मिरच्या चीजमध्ये शिजवून पुढे ठेवल्या. मी डोळ्यांतून, नाकातून वाहत थँक यू म्हणालो.

तर सोमवारच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा नवराबायकोला खुरू बघायला बोलावलं. खुरू म्हणजे त्यांचा डार्ट्सचा खेळ. पण पबमधला नाही. लाकडी बाण, पुढे चांगला लांब खिळा, मागे पंख, आणि वहीएवढी पाटी पार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. सर घो घालून आले होते. हा त्यांचा गुडघ्यापर्यंतचा झगा, कमरेला आवळला की पोटावर मोठी खोळ होते. त्या खोळीतून त्यांनी फोन, पानसुपारी आणि दोन बाण काढले. मला वाटलं, माझा फॉर्मही त्यातच असणार.

आम्ही चटई अंथरून बसतो न बसतो तोच दुसऱ्या टीमचा कॅप्टन आला. बस चालवणारा, आवाजाला दणकट.

"आमचा एक माणूस कमी आहे. तू ये."

"मला नेम येत नाही."

"नेम कोण मागतंय? पाटीजवळ उभं राहायचं आणि समोरच्याला बडबडून बेजार करायचं. तुझा बॉस आलाय फेकायला. सुरू कर!"

पाटीच्या दोन हातांवर माणसं हसत उभी होती, जणू समोरून खिळे नाही, अक्षता येणार आहेत. मी जाऊन उभा राहिलो. एका बाजूला खिळा, दुसऱ्या बाजूला सोमवार. तोंडातून निघालं, "ऑल द बेस्ट, सर!"

बाण पाटीत खच्चकन बसला. त्यांची टीम गोल करून नाचत गाऊ लागली, नेम लागल्याचं बक्षीस म्हणून सरांच्या कमरेला रंगीत फडकं लागलं. मी म्हणालो, "व्हेरी गुड, सर. थँक यू."

कॅप्टनने कपाळाला हात लावला. "अरे, तू आमचा की त्याचा?"

पुढच्या फेरीला मी गप्प राहिलो. ते आणखी वाईट ठरलं. सर हातातला बाण खाली करून तिकडूनच ओरडले, "क्या हुआ? मी काय लहान मूल आहे? कोणी चिडवत नाही म्हणजे मला कोणी घाबरत नाही! इज्जत का सवाल है!"

मी हवालदिल होऊन चटईकडे पाहिलं. बायको थर्मासमधून चहा ओतत होती. ती म्हणाली, "अरे, शिमग्याला तू सरपंचांना सोडलं नव्हतंस! तसंच समज की."

सरपंचांनी त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं, हे ती सोयीस्कर विसरली. पण शिमगा म्हटल्यावर अंगात काहीतरी हललं. होळीभोवती ओरडताना आमच्या गावात कोणी लहानमोठा नसतो. सरांनी हात मागे नेला आणि मी सुरू झालो. थोडं हिंदीत, थोडं मराठीत.

"ओ सर! पाटी इकडे आहे, इकडे! चष्मा फ्रीजरमध्ये विसरलात का? डोंगराचा माणूस आणि नेम पर्थसारखा सपाट! गुरुवारचा रोस्ट आठवतोय? आजोबांचे दात तोंडातून निघाले ते रोस्टमध्येच राहिले! ते बाहेर काढायला हा खिळा न्या!"

आणि मग तोंडावर पंजा मारत बोंब ठोकली. खणखणीत, होळीची, "बों बों बों!"

झाडावरचे कोकाटू पोपट एकदम उडाले. कुत्रा फिरवणारा एक गोरा धावत आला, "यू राइट, मेट?" त्याला वाटलं मला झटका आला.

सरांचा बाण पाटीवरून, कॅप्टनच्या टोपीवरून गेला आणि थर्माकोलच्या एस्कीत, म्हणजे थंड पेयांच्या खोक्यात, घुसला. आतला लेमोनेडचा कॅन फुटून कारंजं उडालं. आमची टीम नाचायला लागली आणि मीही नाचलो. चटईजवळ आल्यावर बायको हळूच म्हणाली, "उद्या सोमवार आहे, लक्षात आहे ना?"

"तूच तर सांगितलंस!"

"मी चिडव म्हटलं. रोस्ट कशाला काढलास?"

सोमवारी मी शिफ्टच्या तासभर आधी पोचलो. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. सर आले, "मॉर्निंग" म्हणाले आणि कामाला लागले. मैद्याचे डोंगर नाहीत, भूगोल नाही, काही नाही. दहा वाजेपर्यंत मी मनात गावाला परतून सरपंचांकडे कामही मागून आलो होतो. भोपळ्याचं सूप उकळत होतं. सर म्हणाले, "मीठ घाल. चिमूटभर."

मी डबा उघडून वाकलो, आणि कानामागे कोणीतरी ठोकली, "बों बों बों!"

अख्खा डबा सुपात.

मागे सर तोंडावर पंजा धरून उभे होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. "अब हिसाब बराबर!" त्यांनी ॲप्रनच्या खिशातून फॉर्म काढला. सही केलेला. खाली तारीख शुक्रवारची.

"म्हणजे काल मी जे बोललो..."

"काल बोलला नसतास तर फाडणार होतो. मुका माणूस किचनमध्ये काय कामाचा?"

ते हे चेष्टेत म्हणाले की खरंच, हे मला अजून कळलेलं नाही आणि विचारायची हिंमतही झालेली नाही. त्या दिवशी आजी-आजोबांना सूप मिळालं नाही, दुप्पट कस्टर्ड मिळालं, आणि एका आजींनी मला बोलावून विचारलं की सूप रोज बिघडवता येईल का.

मी फॉर्म घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि तोंड उघडलं. सरांनी लगेच कलथा रोखला. "थँक यू बोला तो देख!"

"नाही म्हणत," मी म्हणालो. "पण सर, गुरुवारचा रोस्ट खरंच कडक होता."

"मालूम है," ते म्हणाले. "पातेलं घास."